पऱ्हाटीच्या शेजारची भेंडी

जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावात अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी वावरात एक गोल घट आखतात. मधे खड्डा, त्यात मातीची ढेकळे, त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर आणि भोवताली अठरा प्रकारची धान्ये मांडलेली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कोणता दाणा हलला, कोणता जागचा सरकला नाही, यावरून त्या वर्षीच्या पावसापाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगतात. ते ऐकायला विदर्भ-खानदेशातून शेतकरी येतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, तेव्हा ते बाजूला ठेवू. मला रस आहे तो त्या धान्यांच्या यादीत. ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, बाजरी, अंबाडी, सरकी, जवस, करडी, हरभरा, मसूर, लाख, भादली... यांतली शेवटची दोन नावे आज बुलडाण्यातल्या शाळकरी मुलाला विचारून पाहा.

या यादीतले बरेच काही इथल्या शिवारात पिकत असे, आणि तेही एकेकटे नव्हे. ज्वारीच्या किंवा पऱ्हाटीच्या काही तासांमागे एक तास तुरीचा, मधून मूग-उडीद, धुऱ्याच्या कडेने अंबाडी. पेरणीच्या वेळी बायका बरबटी, भेंडी, वाळूक यांचे मूठभर बी तासातासांत टोचून ठेवत. घरच्या भाजीचा वाफा असा वावरातच असे. मग सोयाबीन आले. ते एकदम कापायचे, एकदम मळायचे. त्यात तणनाशकाची फवारणी रूढ झाली, आणि तणनाशक फवारायचे तर मधली बरबटी आणि अंबाडी वाचणार कशी? तुरीचे तास तेवढे टिकले, कारण तुरीला बाजार आहे. भाजी वावरातून उठली ती आठवडी बाजारात गेली, आणि आता हळूहळू परसात परत येते आहे. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाने २०२० साली ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम काढली, तेव्हा बचत गटांच्या बायकांनी गावोगाव घरामागे वाफे केले.

परसात जागा थोडी असते. दहा बाय वीस फुटांत दहा-बारा भाज्या लावायच्या म्हटल्यावर कोणाच्या शेजारी कोण, हा प्रश्न आपोआप येतो. त्याला इथे आपण सोबतीची लागवड म्हणू.

या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक अमेरिकेतले आहे. लुईस रिओट या बाईंचे ‘कॅरट्स लव्ह टोमॅटोज’ १९७५ साली निघाले आणि अजून खपते आहे. गाजराला टोमॅटो आवडतो, हा सल्ला त्याच्या नावातच आहे. मोबाइलवर फिरणारे ‘मित्र पिके, शत्रू पिके’ असे तक्ते बहुतेक अशाच पुस्तकांतून उतरलेले असतात. त्याआधीचे, १९६६ सालचे पुस्तक हेलन फिलब्रिक आणि रिचर्ड ग्रेग यांचे. हा ग्रेग म्हणजे १९२५ साली भारतात येऊन साबरमतीला गांधीजींजवळ राहिलेला, खादीच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिणारा अमेरिकन वकील. कापसाच्या मुलखातल्या वाचकाला त्याच्याविषयी आपुलकी वाटावी असाच माणूस. पण त्या पिढीतल्या जोड्या ठरल्या कशा, हे पाहिले की आपुलकी थोडी आवरती घ्यावी लागते. एरनफ्रिड फायफर नावाच्या संशोधकाची एक पद्धत होती. वनस्पतीचा रस कॉपर क्लोराइडच्या द्रावणात मिसळायचा, द्रावण काचेवर सुकू द्यायचे आणि उमटलेल्या स्फटिकांची नक्षी वाचायची. दोन वनस्पतींचे रस एकत्र करून नक्षी सुबक आली तर जोडी जमली, विस्कटली तर फिसकटली. म्हणजे वधूवरांना न भेटवताच पत्रिका जुळवण्याचा प्रकार. त्या याद्यांत काही जोड्या शेतकऱ्यांच्या अनुभवातून आलेल्या आहेत, काही अशा काचेवरून. आणि तक्त्यात दोन्ही एकाच रांगेत बसतात. भेंडवळच्या घटाला हसणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे.

गाजर-टोमॅटोची ती प्रसिद्ध जोडी नांदुऱ्याकडे लावून पाहा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. आपल्याकडे घाटाखालच्या तालुक्यांतली बरीच गावे त्यात येतात. तिथले विहिरी-बोअरचे पाणी खारे. भाज्यांमध्ये खाऱ्या पाण्याला सर्वांत लवकर हार मानणारी म्हणजे गाजर, कांदा, मुळा आणि श्रावणघेवडा. टोमॅटो त्यांच्यापेक्षा जरा चिवट. बीट आणि बरबटी त्याहून चिवट. तेव्हा गाजराचे टोमॅटोवर कितीही प्रेम असले तरी खारपाणात टोमॅटो उभा राहील आणि गाजर खुरटेल. घाटावर, चिखली-मेहकरकडे, पाणी गोड आहे तिथे हीच जोडी चालूनही जाईल. अमेरिकेतल्या तक्त्याला घाटावरचे आणि घाटाखालचे कळत नाही. आपल्याला ते कळायला हवे, म्हणून जोडी पाठ करण्यापेक्षा जोडीत नेमके काय घडते ते समजून घेतलेले बरे.

सुरुवात तुरीपासून करू, कारण तिच्यात सगळे आहे. तुरीला घाई नसते. पेरल्यावर पहिला दीड-दोन महिने ती जेमतेम वाढते. तेवढ्यात मूग साठ-पासष्ट दिवसांत शेंगा देऊन मोकळा होतो. सोयाबीन असेल तर तेही शंभरेक दिवसांत निघते. मग मोकळ्या झालेल्या जागेत तूर पसरते, पाऊस गेल्यावर काळ्या जमिनीतली खोल ओल सोटमुळाने ओढते आणि पाच-सहा महिन्यांनी पिकते. दोघांना एकाच वेळी, एकाच थरातले काही लागत नाही, म्हणून भांडण नाही. परसबागेतल्या उत्तम जोड्यांपैकी निम्म्याहून अधिक अशाच, वेळेच्या हिशेबावर उभ्या असतात. वांग्याच्या दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर सोडावे लागते, पण लावल्यापासून दीड महिना ती जागा उघडीच राहते. तिथे मेथी टाकली तर महिन्याभरात जुडी हातात येते. सांबार, पालक, मुळा हेही वांग्याने हातपाय पसरण्याआधी निघून जातात. कोणी कोणावर उपकार केले नाहीत. रिकामी जागा, ऊन आणि पाणी तणाला न देता भाजीला दिले, एवढेच.

उपकाराची गोष्ट निघाली की शेंगावर्गीय पिके आणि नत्र हा विषय निघतोच. मूग, बरबटी, तूर, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात, हे १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्ट यांनी दाखवून दिले. त्यावरून बरबटीशेजारच्या मिरचीला फुकट नत्र मिळतो असा सर्वांचा समज. जिवंत बरबटी शेजाऱ्याला फार थोडे देते. तिने स्वतः बांधलेला नत्र तिच्याच पानांत आणि दाण्यांत जातो. मिरचीचा फायदा एवढाच की जमिनीतल्या नत्रावर बरबटी फारसा हात मारत नाही. खरा लाभ पुढच्या पिकाला, आणि तोही मुळे व पाला तिथेच कुजू दिला तर. मुगाचे झाड शेंगा तोडून झाल्यावर उपटून उकिरड्यावर फेकले की नत्राची बातच संपली. बुंध्याशी कापा, मुळे राहू द्या.

तुरीविषयी आणखी एक शोध आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ पासून आहे. तिथे काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी १९९० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल झिरपते, आणि लोहाशी घट्ट बांधलेला, इतर पिकांच्या हाती न लागणारा स्फुरद त्यामुळे मोकळा होतो. हे वाचून कोणीही खूश होईल. पण लोहाशी बांधलेला स्फुरद ही तांबड्या जमिनीची गोष्ट. आपली काळी जमीन चुनखडीची, तिच्यातला स्फुरद मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेला. तिथे तुरीपेक्षा हरभरा कामाचा. त्याच्या मुळांतून झिरपणाऱ्या आम्लांचा अशा स्फुरदावर परिणाम होतो. हरभरा आंबट आहे हे सांगायला आपल्याला शास्त्रज्ञ लागत नाही. रात्री हरभऱ्यावर धोतर पसरून सकाळी पिळलेली आंब पोटदुखीला देणाऱ्यांना ते ठाऊकच होते.

आता किडी. सोबतीच्या लागवडीवर सर्वाधिक विश्वास आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. उग्र वासाचे झाड लावले की कीड पळते, ही समजूत जगभर आहे. इंग्लंडमधल्या वेल्सबर्नच्या संशोधन केंद्रात स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलियर यांनी कोबीच्या मुळावरच्या माशीवर वर्षानुवर्षे काम केले आणि २००० साली वेगळीच उपपत्ती मांडली. माशी कोबीच्या वासाने जवळपास येते खरी. पण उतरताना ती फक्त हिरवा रंग बघते. मोकळ्या काळ्या मातीत एकटा कोबी उभा असेल तर हिरवे तेवढे कोबीच, चुकायला जागा नाही. भोवती दुसरी हिरवळ असेल तर माशी कधी कोबीवर, कधी भलत्याच पानावर उतरते. अंडी घालण्यापूर्वी तिला लागोपाठ काही वेळा योग्य पान लागावे लागते; तसे झाले नाही की ती निघून जाते. पुढे त्यांनी वासाच्या आणि बिनवासाच्या वनस्पतींची तुलना केली, तेव्हा वासाच्या वनस्पती काही सरस ठरल्या नाहीत. साध्या हिरव्या कागदानेसुद्धा माशी गोंधळली. म्हणजे वाफ्यात लसूण-पुदिना लावणाऱ्याचा फायदा झालाच, तर त्याचे श्रेय बहुधा वासापेक्षा हिरव्या रंगाला जाते. खुरपून खुरपून माती आरशासारखी स्वच्छ ठेवणाऱ्या माणसाला हे पटणे जड जाईल. पिकाच्या बाल्यावस्थेत तण काढलेच पाहिजे, पण पुढे ओळींच्या मधे मेथी, माठ, चिवळ असे काहीतरी हिरवे राहू द्यायला हरकत नाही. चिवळ तर भाजीलाच लागते.

याहून मला आवडते ती बरबटीची गोष्ट. बरबटीच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा चिकटलेला दिसला की आपण नाक मुरडतो आणि फवारा शोधतो. पण हा मावा मुख्यतः शेंगावर्गीय झाडांवरचा. पऱ्हाटी, भेंडी, काकडी यांच्यावरचा हिरवट-पिवळा मावा ही वेगळी जात. बरबटीवरचा मावा उठून भेंडीवर जात नाही. त्याला खायला येणारे ढालकिडे, क्रायसोपा आणि सिरफिड माशीच्या अळ्या मात्र जातात. कपाशीच्या कडेने बरबटीची ओळ घ्यावी ही शिफारस यातूनच आली. ढालकिड्याची अळी काळी, लांबट, पाठीवर केशरी ठिपके असलेली आणि दिसायला मगरीच्या पिल्लासारखी असते. तिला कीड समजून चिरडणारे पुष्कळ आहेत. ती ओळखायला शिकणे हा या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय.

याच पंगतीत सांबार येतो. घरोघरी सांबार कोवळाच खुडला जातो, फुलावर गेला की उपटून टाकतात. दोन-चार रोपे फुलू द्या. त्याच्या, शेपूच्या आणि बडीशेपेच्या छत्रीसारख्या फुलांत मध उघड्यावर असतो. आखूड तोंडाच्या बारीक गांधीलमाश्यांना तो सहज पिता येतो. या माश्या घाटेअळीच्या अंगात अंडी घालतात आणि अळी आतून पोखरली जाते. हरभऱ्यात सांबाराच्या ओळी घ्याव्यात असे कृषी शास्त्रज्ञ सांगतात ते याचसाठी. हरभऱ्यावरची घाटेअळी, पऱ्हाटीवरची अमेरिकन बोंडअळी, तुरीच्या शेंगा आणि टोमॅटो पोखरणारी अळी ही सगळी एकाच पतंगाची संतती आहे. वावरात खरिपाची पऱ्हाटी, मग तूर, मग हरभरा आणि परसात टोमॅटो, म्हणजे त्या पतंगाची बाराही महिने सोय.

त्याच्यावर झेंडू हा खरोखर तपासलेला उपाय. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या सोळा ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ अशी रचना बसवली. पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालतो आणि टोमॅटो बराचसा सुटतो. यातली मेख रोपांच्या वयात आहे. लावताना झेंडूचे रोप ४५ दिवसांचे आणि टोमॅटोचे २५ दिवसांचे हवे, म्हणजे दोन्ही एकदम फुलोऱ्यात येतात. त्याच संस्थेने कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी मोहरीच्या ओळींची शिफारस केली, तीही वेळ साधूनच. पण सापळा पीक लावून विसरून गेलात तर तो सापळा न राहता पाळणाघर होते. झेंडूच्या ज्या फुलांत अळ्या दिसतील ती तोडून साबणाच्या पाण्यात टाकायची, हे काम माणसाचेच.

झेंडूचे दुसरे काम जमिनीखालचे आणि त्याबद्दल मात्र अतिशयोक्ती फार चालते. भेंडी, टोमॅटो, वांगी, काकडी यांच्या मुळांवर सूत्रकृमी गाठी करतात. उपटलेल्या टोमॅटोच्या मुळावर गाठी दिसल्या की काही जण त्या नत्राच्या समजून समाधान पावतात. रायझोबियमची गाठ बोटाने चोळली की सुटते आणि आतून गुलाबी निघते, सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेले मूळच, ती सुटत नाही. झेंडूच्या मुळांतला अल्फा-टर्थिएनिल हा घटक सूत्रकृमींना मारक आहे हे १९५८ साली नेदरलँड्समध्ये दाखवले गेले. मात्र हा परिणाम मुख्यतः झेंडूच्या मुळांत आणि अगदी लगत घडतो. टोमॅटोच्या चार रोपांमागे शोभेपुरता एक झेंडू लावून खालची जमीन साफ होत नाही. त्या वाफ्यात दोन-तीन महिने नुसता दाट झेंडू हवा, आणि त्यानंतर टोमॅटो. आपल्याकडे ही सोय आयतीच आहे. पावसाळ्यात वाफाभर झेंडू, दसरा-दिवाळीला फुले, आणि मग त्याच जागी रब्बीची भाजी.

तुळशीचेही असेच. अंगणात तुळस आहे म्हणून कीड येत नाही असे म्हणतात. एका किडीच्या बाबतीत उलटेच आहे. बिहारमधल्या पुसा येथील सरकारी संशोधन संस्थेतला कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हाउलेट याने शंभर वर्षांपूर्वी, फळमाश्यांचे नर सिट्रोनेला तेलाकडे धाव घेतात या निरीक्षणाचा पाठपुरावा केला आणि १९१५ पर्यंत मिथाइल युजेनॉल या द्रव्याचा छडा लावला. हे द्रव्य तुळशीत असते. आंबा-पेरूवरच्या फळमाशीचे नर त्याच्याकडे ओढले जातात, म्हणून आंब्याच्या बागांत कुस्करलेल्या तुळशीचे सापळे लावण्याचा प्रयोग झाला. नुसते रोप मात्र सापळ्याचे काम करत नाही. आणि दोडकी, कारली, काकडी सडवणारी फळमाशी वेगळ्या जातीची. तिला मिथाइल युजेनॉलचे सोयरसुतक नाही. तिच्यासाठी क्यू-ल्युअरचा सापळा लागतो. वेलाखाली तुळस लावून दोडका वाचेल या भरवशावर राहू नका. तुळशीला मधमाश्या येतात, त्या भोपळ्याच्या फुलांवरही बसतात, हा फायदा पुरेसा आहे.

आता ज्या जोडीचे नाव या प्रकरणाला दिले आहे तिच्याकडे येऊ. परसबागेच्या पुस्तकांत शेजारी म्हणजे दीड फुटावरचे रोप. बुलडाणा जिल्ह्यात खरा शेजारी कुंपणापलीकडे असतो, आणि बहुतेक गावांत तो पऱ्हाटी असतो. भेंडी, अंबाडी आणि पऱ्हाटी एकाच कुळातल्या. पऱ्हाटीवरचे तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी, सगळ्यांना भेंडी चालते. गुलाबी बोंडअळीसुद्धा भेंडीवर जगू शकते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे काय केले ते इथे कोणाला सांगायला नको. हंगाम संपल्यावर फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, म्हणजे अळीची उपासमार होऊन साखळी तुटावी. त्याच वेळी गावात घरोघरी उन्हाळी भेंडी पाणी घालून जगवलेली असेल तर ती साखळी काही अंशी आपणच जोडून देतो. उलट, पावसाळ्यात पांढरी माशी पऱ्हाटीवरून भेंडीवर येते आणि भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू रोपारोपांत पोचवते. यासाठी भेंडी सोडा असे मी म्हणणार नाही. भेंडीशिवाय परसबाग कसली? पण पऱ्हाटीच्या अंगाला असलेल्या कुंपणालगत ती लावू नका. घराच्या दुसऱ्या बाजूला लावा, मधे ज्वारीच्या दोन ओळी उभ्या करा, आणि पोखरलेली शेंग जमिनीवर टाकू नका.

ज्वारीची ही भिंत मिरचीलाही उपयोगी. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो; त्या बाजूला ज्वारी किंवा मका दाट पेरला तर बारीक उडत्या किडी आधी तिथे अडकतात. मावा जे विषाणू सोंडेच्या टोकावर घेऊन फिरतो, त्यांतले काही ज्वारीच्या पानात सोंड खुपसल्यावर तिथेच पुसले जातात. मक्यापेक्षा माझा कल ज्वारीकडे. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी भारतात आली तेव्हापासून मका हा तिचा हक्काचा खाऊ झाला आहे. तरीही मका लावायचाच असेल तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची मका, घेवडा आणि भोपळा ही शेकडो वर्षांची तिकडी इथे मका, वेलाची बरबटी आणि डांगर अशी जमते. मका वीतभर झाल्याशिवाय बरबटी टोचू नका, नाहीतर वेल ताटाला आडवे करतो. डांगराची पाने जमीन झाकतात, आणि काळ्या मातीला भेगा पडून ओल उडते ती कमी होते.

टाळायच्या जोड्या थोड्याच आहेत, पण नेमक्या त्याच आपण लावतो. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा एका घराण्यातली. एकाचा मर रोग किंवा करपा दुसऱ्याला लागतो, तेव्हा एकाच वाफ्यात चौघे नकोत आणि एकामागून एकही नकोत. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि पपई लावायची आणि तिथेच दोडक्याचा वेल चढवायचा, ही घरोघरची रीत. पाण्याची बचत म्हणून ती शहाणपणाची, पण काकडीवर्गीय वेलांवरचा मोझॅक विषाणू मावा केळीवर नेतो. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या केळी बागायतदारांना केळीत काकडी-भोपळा घेऊ नका असे याच कारणाने सांगितले जाते. पपईच्या रिंगस्पॉट विषाणूलाही हे वेल चालतात. न्हाणीपाशी केळीच्या सावलीत अळू लावा; दोघांना ओल आवडते आणि भांडणाचे कारण नाही. वेल दुसऱ्या कुंपणावर न्या.

जोडी फायद्याची ठरली का, हे मोजायची साधी रीत इक्रिसॅटमधल्या आंतरपिकांच्या अभ्यासातून रूढ झाली. समजा एका वाफ्यात नुसता टोमॅटो २० किलो येतो, तेवढ्याच वाफ्यात नुसता सांबार ५ किलो. दोन्ही एकत्र लावल्यावर टोमॅटो १६ किलो आणि सांबार २ किलो आला. टोमॅटो कमी आला म्हणून हळहळू नका. सोळा भागिले वीस म्हणजे ०.८, दोन भागिले पाच म्हणजे ०.४, बेरीज १.२. एका वाफ्यात सव्वा वाफ्याच्या जवळपास पीक निघाले. बेरीज एकाच्या खाली आली तर ती जोडी मोडा, मग ती कुठल्याही पुस्तकात छापलेली असो. वजनकाटा किराणा दुकानातला चालेल, वही मात्र घरची हवी.

यंदा टोमॅटो लावणार असाल तर दोन वाफे सारखे करा. तेच बी, तेच खत, तेच पाणी. एकाच्या कडेने झेंडू लावा, दुसरा त्यापासून जमेल तितका दूर, झेंडूशिवाय ठेवा, आणि पोखरलेली फळे दोन्हीकडे मोजा. झेंडूचे बी टोमॅटोच्या बियांआधी वीस दिवस टाकायचे. दोन्ही एकाच दिवशी टाकले तर टोमॅटो आधी फुलोऱ्यात येतो आणि पतंग झेंडूची वाट पाहत थांबत नाही.